गाडी वड्यासाठी थांबत नाही

मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जतला बटाटेवड्यासाठी थांबते, अशी आपल्याकडच्या बहुसंख्य उतारूंची प्रामाणिक समजूत आहे. वडा हाती आला, सुकी चटणी शेजारच्याच्या पँटवर सांडली, गाडी हलली, म्हणजे थांब्याचं सार्थक झालं. फार थोड्यांना माहीत असतं की गाडी थांबते ती मागून ढकलणारी इंजिनं जोडून घ्यायला. पुढे बोरघाट. चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे सरकलं की १ मीटर वर. पुढच्या एकट्या इंजिनाने एवढी गाडी वर नेणं कठीण, म्हणून कर्जतला शेपटीकडे बँकर लागतात आणि घाट चढून झाला की सुटतात. ज्याला हे ठाऊक असतं तो ते शेजाऱ्याला सांगतोच. शेजाऱ्याने विचारलेलं नसतं. तो "हो का?" म्हणतो. मराठी माणसाचं "हो का?" हे संभाषण संपवण्याचं अत्यंत सभ्य साधन आहे, पण सांगणाऱ्याला ते निमंत्रण वाटतं. मग पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल अशी क्रमाने माहिती येत राहते आणि खंडाळा येईपर्यंत शेजारी झोपतो, किंवा झोपल्याचं दाखवतो.

अशा माणसाला किडा आहे, असं आमच्याकडे म्हणतात. कुणाला रेल्वेचा, कुणाला किल्ल्यांचा, कुणाला भाताचा. शहरातली शिकलेली मुलं स्वतःला नर्ड म्हणवतात आणि तसं टी-शर्टावर छापूनही घेतात. हा किडा रोजच्या जगण्यात मिरवावा की घडी घालून कपाटात ठेवावा, असा गहन प्रश्न ती हल्ली एकमेकांना विचारत असतात. त्यांनी कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत थोडे दिवस येऊन राहावं. इथे किडा लागल्याशिवाय मोठं होणंच अवघड. समोर सह्याद्रीची भिंत, डोक्यावर माथेरान, इकडून उल्हास, तिकडून पाताळगंगा. मुंबईला पुणं गाठायचं तर रूळ, जुना रस्ता, द्रुतगती मार्ग, विजेच्या तारा, सगळं आमच्याच अंगणातून चढतं. माणूस नुसता ओटीवर बसून राहिला तरी त्याला काहीतरी माहीत होऊन बसतं.

घरच्यांना मात्र याचं कौतुक नसतं. लहानपणी विचारतात, "याचे मार्क मिळतात का?" मोठेपणी विचारतात, "याचे पैसे मिळतात का?" दोन्हींचं उत्तर नाही असं आलं की अतिशहाण्याच्या रिकाम्या बैलाचा उद्धार होतो. तो बैल का रिकामा राहिला, तो खिलार होता की डांगी, हे विचारण्याचा मोह ज्याला होतो, त्याने ओळखून असावं की आपलं काही खरं नाही.

इथला सगळ्यात जुना किडा रेल्वेचा. १८५६ मध्ये मुंबईकडून रूळ खोपोलीपर्यंत आले आणि डोंगर बघून थबकले. पुण्याकडून दुसरे रूळ १८५८ मध्ये खंडाळ्यापर्यंत आले आणि दरी बघून थबकले. मधला घाट उतारूंनी पालखीतून, तट्टावरून, नाहीतर पायी पार करायचा. आज खोपोली म्हणजे एकेरी मार्गावरचं शेवटचं स्टेशन; लोकल येते, दम खाते, परत जाते. पण किडेवाल्याबरोबर तिथे उतरलात तर फलाटावर पाय ठेवताक्षणी तो सांगणार, की एके काळी पुण्याच्या प्रत्येक उतारूला गाठोडं घेऊन इथेच उतरावं लागे. हे सांगताना त्याचा ऊर असा भरून येतो की बघणाऱ्याला वाटावं, गाठोडी यानेच उचलली होती.

घाटातला मार्ग आखला जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याने. त्याने या घाटावर निबंध लिहिले, विद्वानांच्या सभेत ते वाचले आणि लोकांनी ते शेवटपर्यंत ऐकले. आजच्या किडेवाल्यांना यातलं शेवटचं वाक्य जास्त हेलावून टाकतं. बर्कले १८६२ मध्ये गेला आणि घाट सुरू झाला १८६३ मध्ये. त्याआधी १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला होता. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि काम पुरं करवून घेतलं. त्या कामात मजूर किती मेले याची कुणी धड नोंदही ठेवली नाही. घाटात कुठेही त्यांच्या नावाची पाटी नाही, आणि ही गोष्ट आमचे रेल्वेवाले सांगतात तेव्हा मी तरी मध्ये बोलत नाही. अ‍ॅलिसची कथा मात्र ते जरा जास्तच वेळा सांगतात. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ती स्वतःच्या पत्नीला इतक्यांदा ऐकवली की एके दिवशी वहिनी म्हणाल्या, "नवरा गेल्यावर त्या बाईने पंचवीस बोगदे काढले. तुम्ही धडधाकट आहात आणि मोरीचा नळ तीन महिने गळतोय." तेव्हापासून त्या घरात बोरघाटाचा इतिहास १८५८ लाच थांबतो.

लोकलमध्ये हा किडा जास्त बहरतो, कारण श्रोत्यांना उठून जायला जागा नसते. कर्जत म्हणजे सीएसएमटीपासून १०० किलोमीटर. इतका वेळ कुणी पत्ते खेळतं, कुणी भजन म्हणतं, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर झोपतं, आणि एक जण गाडी निघतानाच्या आवाजावरून हा रेक सीमेन्सचा की मेधाचा हे डोळे मिटून सांगतो. रोजचे लोक त्याला सरावलेले असतात. एखादा नवखा मात्र भाबडेपणाने विचारतो, "कर्जतच्या गाडीला पाटीवर एस अक्षर का हो?" डबा शहारतो. पत्तेवाल्यांपैकी एक म्हणतो, "एस म्हणजे स्लो." दुसरा म्हणतो, "फास्टला पण एसच असतं रे!" भजनवाले म्हणतात, "एस म्हणजे सद्गुरू." मग किडेवाला घसा खाकरतो. कल्याणला मार्ग फुटतो. एक फाटा आग्नेयेला, तो आपला. दुसरा ईशान्येला, कसाऱ्याचा. म्हणून इंग्रजीतल्या साउथचं एस कर्जतला आणि नॉर्थचं एन कसाऱ्याला. नाहीतर कल्याण, कसारा, कर्जत सगळेच के होऊन बसले असते. उत्तर बरोबर, नेमकं, मोजक्या शब्दांतलं. त्यावर डब्याचा निकाल येतो: "काहीही सांगतो हा." सद्गुरूंना दोन मतं जास्त पडतात.

अशा अनुभवांनी पोळलेला माणूस किडा लपवायला शिकतो. लपवण्याची अधिकृत जागा म्हणजे लग्नाचा बायोडेटा. छंद: वाचन, संगीत, प्रवास. महाराष्ट्रातले समस्त उपवर हेच तीन छंद जोपासतात. 'घाटातले चढ-उतार', 'ब्राह्मी शिलालेख', 'बेडकांचे आवाज' असं कुणी लिहीत नाही. लिहिलंच तर आई खोडते. "लग्न होऊ दे, मग सांग तिला हळूहळू," असा व्यवहारी सल्ला वडीलधारे देतात. बिचारीला प्रवास आवडत असतो, म्हणून हो म्हणते. मग पहिल्याच प्रवासात कळतं, की प्रवास म्हणजे भिवपुरी रोडच्या फलाटावर एका विशिष्ट मालगाडीची वाट पाहणं.

आमच्या नात्यातल्या एका मुलाला मात्र हे लपवणं जमलं नाही. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. तिथून निघालेल्या भातांना तालुक्याचंच नाव दिलंय: कर्जत-३, कर्जत-१८४ वगैरे. बाकीच्या तालुक्यांना आमदार असतात, खासदार असतात. तांदूळ आहे तो आमच्या तालुक्याला. तर या मुलाला भाताचा किडा. हळवं, निमगरवं, गरवं हे तो लोंबी बघून सांगतो, आणि वाण कोणतं ते दाणा दाताखाली धरून. मुलगी पाहायला गेला. पोहे आले. दोन्हीकडची मंडळी नोकरी, पगार, पत्रिका या वळणावर असताना याने एक घास खाल्ला, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "हे पोहे कुठल्या भाताचे?" त्याच्या मामाने कपाळाला हात लावला. मुलीचे वडील गोंधळून वाण्याचं नाव सांगू लागले. तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "वाण्याचे नाहीत, बाबा. घरच्या कर्जत-३चे आहेत. भात हळवं, दिवाळीआधी झोडून झालं होतं." लग्न तिथेच ठरलं, पुढची बोलणी नुसती रीत म्हणून झाली. आता दोन किडे एका घरात सुखाने नांदतात आणि त्यांच्याकडे जेवायला जाताना लोक भूक आणि वेळ दोन्ही जास्त घेऊन जातात. मुलगी झाली तेव्हा सह्याद्री नाव ठेवायचं घाटत होतं. डोंगरावरून असेल, असं वाटून आजी खूश झाली. नंतर तिला कळलं की सह्याद्री हे कर्जतच्या केंद्राने काढलेल्या संकरित भाताचंही नाव आहे. आजीने बारशाला वेगळंच नाव फुंकलं.

भाताचा विषय निघालाच आहे तर नेरळजवळच्या सगुणा बागेचं नाव घ्यायला हवं. चंद्रशेखर भडसावळे यांनी तिथे नांगरणी नको, चिखलणी नको, लावणी नको अशी भाताची पद्धत बसवली. एसआरटी म्हणतात तिला. गादीवाफे एकदा करायचे, साच्याने भोकं पाडून बी टोकायचं, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. कोकणातल्या शेतकऱ्याला चिखलाशिवाय भात सांगणं म्हणजे वारकऱ्याला एकादशीला उपास मोड म्हणण्यापैकी आहे. तरी ते सांगत राहिले, शेतकरी बघायला येत राहिले, आणि आता ही पद्धत रायगडबाहेरही गेली आहे. किडा इतका चिवट असावा लागतो.

माथेरानच्या गाडीमागेही असाच एक चिवट गृहस्थ होता, अब्दुल हुसेन. नेरळहून दोन फुटी रूळ डोंगरावर चढवायचे हे त्याने मनावर घेतलं आणि १९०७ मध्ये गाडी वर नेली. पैसे वडिलांनी, सर आदमजी पीरभॉय यांनी घातले. किडा असावा तर असा, आणि वडील असावेत तर तसे.

खोपोलीकडच्यांना विजेचा किडा जास्त. डोंगरावरून उतरणारे टाटांचे जाड नळ लहानपणापासून डोळ्यांसमोर असतात, त्याला इलाज नाही. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून खाली आणायचं, चाकं फिरवायची आणि मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, हा उद्योग १९१५ पासूनचा. भिवपुरीला पुढे दुसरं वीजघर झालं; तिथून सुटलेलं पाणी राजनाल्याने आमच्या शेतांत येतं आणि उन्हाळी भात पिकवतं. म्हणजे मुंबईत पंखा फिरतो तेव्हा कर्जतला तांदूळ होतो, असं इथले लोक पाहुण्यांना सांगतात. पाहुणे पंखा मोठा करतात. ही वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे १९४२ मध्ये माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने कापून पाडले होते. वकील माणूस, पण कुठला मनोरा पडला की कुठे अंधार होतो याचा अभ्यास पक्का. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्या अभ्यासाला किडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण तो त्याच कुळातला होता.

किल्ले-लेण्यांच्या किड्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते लोक स्वतःच भरपूर लिहितात. फक्त कोंडाण्याच्या लेण्यांतली एक ओळ सांगतो. तिथे ब्राह्मीत कोरलंय, की हे कण्हाचा शिष्य बलक याने केलं. दोन हजार वर्षांच्या आसपासची सही. आपली कारागिरी लोकांना आपल्या नावानिशी कळावी अशी हौस त्या गड्यालाही होती. आजही तिथे लोक नावं कोरतात, शेजारी बदाम काढतात. फरक एवढाच की बलकाने आधी दगड घडवला होता.

शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या फार्महाउसवाल्यांचा किडा मात्र उजळ माथ्याने हिंडतो. हातभर लांब लेन्स, पानांच्या रंगाचे कपडे, खिशात दुर्बीण. पहाटे उठून पक्षी बघायला जातात आणि त्याला छंद न म्हणता पॅशन म्हणतात. बरोबर वाट दाखवायला वाडीतला एक ठाकर पोरगा असतो, पायात स्लिपर. झाडीतून लांबलचक शीळ येते. साहेब पुस्तक काढतात, मोबाइलवर आवाज लावून ताडून बघतात, आणि मग जाहीर करतात, "शीळकरी कस्तूर!" पोराने तोवर पक्षी कुठल्या फांदीवर आहे, घरटं ओहोळाच्या कुठल्या कपारीत आहे आणि गेल्या साली किती पिल्लं होती हे सांगून टाकलेलं असतं. नर्ड असं छापलेला टी-शर्ट साहेबांच्या अंगात. पोराला कुणी विचारत नाही, की बाबा रे, तू हे स्वतःचं स्वरूप स्वीकारलंयस का?

माझी शंका इथून सुरू होते. मिरवावं की लपवावं हा प्रश्न पडायला माणसाकडे लपवायची सोय लागते. शिंगरोबाकडे ती नव्हती. खोपोलीहून जुन्या रस्त्याने घाट चढताना त्याचं देऊळ लागतं. ट्रकवाले आजही नाणं टाकून पुढे जातात. दंतकथा अशी, की घाटातली वाट इंग्रजांना काही केल्या सापडेना, ती या धनगराने आपल्या जनावरांच्या पायवाटेवरून दाखवली. साहेबाने बक्षीस काय हवं विचारलं, याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि त्यासाठी त्याला गोळी घातली गेली. बर्कलेचे निबंध अभ्यासकांकडे आहेत; नाणी मात्र शिंगरोबाला पडतात.

पावसाळ्यात एक दिवस असा येतो की आमच्या रेल्वेवाल्या किडेकरांचंही नशीब उघडतं. घाटात दरड कोसळते. गाड्या कर्जतला उभ्या राहतात, ध्वनिक्षेपक तेच तेच वाक्य बोलत राहतो, मोबाइलवर प्रत्येकाला वेगळी बातमी आलेली असते. तेव्हा कालपर्यंत ज्याला पकाऊ म्हणत होते त्याच्याभोवती कोंडाळं जमतं. "दरड अपवर की डाउनवर?" "मिडल लाइन चालू असेल का हो?" "पनवेलवरून वळवतील का?" कालचा "ए" आज "अहो" झालेला असतो. तो शांतपणे सांगतो, कोणती गाडी सुटेल, कोणती इथूनच परत फिरेल, कुणी बाहेर पडून खोपोलीहून एसटी धरावी. लोक त्याचं ऐकून घरी पोचतात. दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, गाड्या वेळेवर धावतात, आणि तो पुन्हा पकाऊ. याचं त्याने वाईट वाटून घेऊ नये. दरडीच्या दिवशी उपयोगी पडणारी माहिती बाकीच्या दिवशी कुणीतरी जपावी लागते, आणि ती जपणारा बाकीच्या दिवशी थोडा बोलणारच.

बोलावं कसं, ते मात्र कर्जतच्या बाजारात बसणाऱ्या कातकरी बायकांकडून शिकावं. पहिले पाऊस झाले की त्यांच्या पुढ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी असं काय काय येऊन पडतं. कुठली भाजी कुठल्या उतारावर उगवते, किती दिवस कोवळी राहते, कुणाला सोसते, कुणाला बाधते, हे सगळं त्यांना पाठ. कृषी केंद्रातले अभ्यासकही या ज्ञानापुढे वही उघडून बसतील. त्यातल्या त्यात शेवळं हे नाजूक प्रकरण. नीट न शिजवली तर घसा असा खाजतो की माणूस रात्रभर बसून काढतो. त्यावर उतारा म्हणून काकडं नावाची आंबट हिरवी फळं भाजीत घालायची असतात. मुंबईच्या एखाद्या ताईंनी शेवळांची जुडी उचलली की बाई वर न बघता विचारते, "पयल्यांदा नेता काय?" हो म्हटलं की मूठभर काकडं पिशवीत टाकते आणि सांगते, "ही नाय टाकली तं खाजंल." संपलं. शेवळांचं कूळ, काकडाच्या झाडाचा इतिहास, आजीने सांगितलेल्या गोष्टी, सगळं तिच्यापाशी असतं, पण ती विकत घेणाऱ्यालाच सांगते आणि घसा खाजणार नाही इतकंच सांगते. कुणी खाली बसून अजून विचारलं तर अजूनही सांगते. अशा वेळी गिऱ्हाईक खोळंबलं तरी तिची हरकत नसते.

म्हणून तरुण मंडळींना माझं सांगणं, टी-शर्टाचा खर्च वाचवा आणि बायोडेटातलं 'वाचन, संगीत, प्रवास' खोडून जे खरं आहे ते लिहा. फार तर दोन स्थळं परत जातील. तिसऱ्या घरात पोहे कशाचे आहेत हे कुणाला तरी ठाऊक असेल. शेवळं जूनमध्ये येतात आणि काही आठवड्यांत दिसेनाशी होतात. घ्याल तेव्हा काकडं मागून घ्या, आणि भावात घासाघीस करू नका. माहिती ती बाई फुकट देते.